तराजू पाण्यात, तराजू वाऱ्यात

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर आज उभे राहिले तर इमारती, दुकाने, क्लासच्या पाट्या आणि रिक्षांची रांग दिसते. रस्त्याच्या नावावरून रेल्वेची केबिन डोळ्यांपुढे येते; पण या गावाची जुनी ओळख मिठाची. उत्तरेला वसईची खाडी, खाडीच्या कडेने खाजण आणि खाजणात बांध घालून केलेली मिठागरे. आगर म्हणजे मिठागर आणि त्यावरूनच आगरी हे नाव आले, असे सांगतात. यांतली बरीच आगरे आता नावापुरती उरली आहेत. केबिन रोडवरच्या शाळकरी मुलाला मीठ पिशवीतून येते हे ठाऊक असते. आपल्या आजूबाजूला ते जमिनीवर पिकत असे, हे सांगावे लागते.

मीठ पिकवण्याची रीत ऐकायला सोपी आहे. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचे आणि नेमक्या वेळी शेवटच्या वाफ्यात सोडायचे. ही नेमकी वेळ कशी ठरवायची? पाणी लवकर सोडले तर त्यातला जिप्सम मिठात उतरतो. फार उशीर केला तर मॅग्नेशियमचे क्षार खाली बसू लागतात आणि मीठ कडवट होते. मुरलेला आगरी माणूस पाण्याच्या रंगावरून, बोटांना लागणाऱ्या बुळबुळीतपणावरून अंदाज बांधतो. पण व्यापारी मिठासाठी अंदाज पुरत नाही. तेथे एक साधे उपकरण लागते: तळाशी छर्रे किंवा शिसे भरलेली, वर बारीक दांडी असलेली काचेची तरंगती नळी. डेअरीत दूध तपासणारा लॅक्टोमीटर आणि गॅरेजमध्ये बॅटरीचे आम्ल तपासणारी नळी ही तिचीच भावंडे. खारे पाणी जितके दाट, तितकी ती वर उचलली जाते.

तरंगणे आणि उडणे हे दोन धडे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा दूरदूर असतात. पहिल्यात आर्किमिडीज येतो आणि दुसऱ्यात, आलाच तर, बर्नुली. आम्हाला मात्र या दोन्ही धड्यांचा इतिहास एकच वाटतो, आणि तो तराजूचा आहे. ज्यांनी बळ तोलून पाहिले त्यांना पुढची वाट सापडली. ज्यांनी नुसते स्पष्टीकरण दिले ते अडकले. आपल्या वर्गातही नेमके हेच होते. तरंगण्याचा धडा आपण बरा शिकवतो आणि उडण्याचा, प्रामाणिकपणे सांगायचे तर, बहुधा चुकीचा शिकवतो.

मुकुट आणि बासरी

हिअरो राजाचा मुकुट, भरलेली न्हाणी आणि रस्त्याने ओरडत धावणारा आर्किमिडीज ही गोष्ट सांगितल्याशिवाय प्लावक बलाचा धडा सुरू होत नाही. ती आपल्यापर्यंत पोचली व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुशास्त्रज्ञामुळे, आणि तो आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर (इ. स. पू. २१२) सुमारे दोनशे वर्षांनी लिहीत होता. गोष्ट सांगायला हरकत नाही. पण ती सांगून झाल्यावर नववी-दहावीच्या मुलांकडून एक गणित जरूर करून घ्यावे.

मुकुट १ किलोचा धरू. तो शुद्ध सोन्याचा (घनता १९.३) असेल तर त्याचे आकारमान सुमारे ५२ घन सेंटिमीटर. सोनाराने त्यात ३०० ग्रॅम चांदी (घनता १०.५) मिसळली असेल तर आकारमान सुमारे ६५ घन सेंटिमीटर. फरक १३ घन सेंटिमीटरचा. आता मुकुट मावेल असे भांडे घ्या, समजा २० सेंटिमीटर व्यासाचे. त्यातल्या पाण्याच्या पातळीत पडणारा फरक अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही! ओल्या मुकुटाला चिकटलेले चार थेंब आणि भांड्याच्या काठाशी चढणारे पाणी यांतच तो हरवून जाईल.

ही शंका नवी नाही. १५८६ मध्ये बावीस वर्षांच्या गॅलिलिओने एक छोटे टिपण लिहिले. त्याचे म्हणणे असे की, आर्किमिडीजसारखा माणूस इतकी ढोबळ रीत वापरणार नाही. त्याने मुकुट तराजूला टांगून पाण्यात बुडवून तोलला असावा. मग फरक १३ ग्रॅमचा पडतो, आणि १३ ग्रॅम तर किराणा दुकानातला काटाही दाखवतो. पाण्याची उंची मोजण्याऐवजी पाण्याचा रेटा तोलला की तोच फरक हातात येतो. त्याच्याही आधी, ११२१ मध्ये, मर्व शहरात अल-खाझिनीने तराजूवरच एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. त्यात धातू आणि रत्ने पाण्यात तोलून पारखण्याची बारीक तपशिलांची पद्धत आहे.

मिठागरातल्या नळीची पूर्वजही अशीच जुनी आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला सिनेसियस नावाच्या गृहस्थाने आपली गुरू हायपेशिया हिला अलेक्झांड्रियाला पत्र पाठवले. तब्येत ठीक नाही, पाण्याचे जडपण तपासायला एक उपकरण करून पाठवा, अशी विनंती त्यात आहे. उपकरणाचे वर्णनही आहे: बासरीच्या आकाराची पितळी नळी, तिच्यावर आडव्या खुणा, आणि ती पाण्यात उभी राहावी म्हणून खालच्या टोकाला बसवलेला शंकू. विद्यार्थ्याने आपल्या बाईंना लिहिलेले हे पत्र वर्गात सांगितले की मुलींचे डोळे चमकतात. विज्ञानाच्या पुस्तकात बाईंचे नाव येण्याची त्यांना सवय नसते.

१७६८ मध्ये पॅरिसच्या आंत्वान बोमे या औषधविक्रेत्याने या नळीवर पक्के आकडे घातले. शुद्ध पाण्यात नळी जेथवर बुडते तेथे शून्य. १५ भाग मीठ आणि ८५ भाग पाणी अशा द्रावणात जेथवर बुडते तेथे पंधरा. मधल्या अंतराचे सारखे पंधरा भाग करायचे आणि तेच माप पुढे चालू ठेवायचे. याचा अर्थ साध्या मिठाच्या द्रावणात बोमे अंश म्हणजे जवळजवळ मिठाची टक्केवारीच. समुद्राचे पाणी साडेतीन अंशांच्या आसपास भरते. नेहमीच्या तापमानाला पाण्यात साधारण २६ टक्क्यांहून जास्त मीठ मावत नाही. म्हणूनच २५ अंशांच्या सुमारास वाफ्यात मिठाचे खडे दिसू लागतात. २९-३० अंशांवर उरलेले कडू पाणी काढून टाकायचे. पुढे १८४९ मध्ये उसिग्लिओ या रसायनतज्ज्ञाने भूमध्य समुद्राचे पाणी आटवत कोणता क्षार केव्हा खाली बसतो याची नोंद केली. मीठ बसायला लागते तेव्हा पाणी मूळच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढे उरलेले असते, असे त्याला आढळले. भाईंदरच्या उन्हातही याहून वेगळे काही घडत नाही.

वर्गातले मिठागर

ही नळी वर्गात करायला दहा मिनिटे लागतात. प्लॅस्टिकच्या नळ्यांवर २०२२ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा कागदी नळी घ्यावी. सुमारे २० सेंटिमीटर लांबीची, सगळीकडे सारख्या जाडीची. ती वितळलेल्या मेणात एकदा बुडवून काढावी म्हणजे भिजत नाही. खालचे तोंड मेणाने बंद करून आत सायकलचे छर्रे टाकत जावे. साध्या पाण्यात ती बरोबर १२ सेंटिमीटर बुडून उभी राहिली की छर्रे पुरे. छर्रे आत हलू नयेत म्हणून वरून मेणाचे दोन थेंब सोडावेत.

आता मुलांना आधी गणित करायला सांगावे. नळीचे वजन बदलत नाही. म्हणजे ती बाजूला सारते त्या द्रवाचे वजनही बदलणार नाही. मग द्रव दाट असेल तर कमी खोली पुरेल. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५. नळी त्यात ११.७ सेंटिमीटर बुडेल, म्हणजे ३ मिलिमीटर वर येईल. १०० मिलिलिटर पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळवले की ते पाणी जवळजवळ तृप्त होते, त्याची घनता १.२ च्या आसपास. तेथे नळी १० सेंटिमीटर बुडेल. आकडे फळ्यावर लिहून मगच नळी पाण्यात सोडावी. उत्तर आधी आणि प्रयोग मागून, हा क्रम आम्ही मुद्दाम सुचवतो. नळी दहाच्या खुणेशी येऊन थांबते तेव्हा वर्गात जो गलका होतो, तो नुसते दाखवून होत नाही.

एक अडचण सांगून ठेवतो. तृप्त द्रावण करताना मीठ तळाशी राहते आणि खालचे पाणी वरच्यापेक्षा दाट होते. नळी मग चुकीचा आकडा दाखवते. नीट ढवळून, बुडबुडे जाईपर्यंत थांबावे. नाहीतर कोणीतरी 'आर्किमिडीज चुकला' असे जाहीर करतो.

स्वस्त वस्तूंनी मोजमाप करण्याची ही परंपरा तशी तरुण आहे. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतल्या शाळांसाठी जे. पी. स्टीफन्सन यांनी डबे, बाटल्या आणि तारांतून प्रयोगसाहित्य करण्याची एक पुस्तिका लिहिली. तीच वाढवून युनेस्कोने १९५६ मध्ये विज्ञानशिक्षकांसाठी प्रयोगांचा जाडजूड संग्रह काढला. आपल्याकडे १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांतून 'करून शिका' असा विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली माणसे शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करीत. तो कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला. का केला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो आम्ही शांतपणे लिहू शकू असे वाटत नाही.

बोट बुडवले, काटा हलला

पाण्याकडून हवेकडे जाण्यासाठी मधला एक प्रयोग फार उपयोगी पडतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यावा. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. आता पेल्याच्या काठाला किंवा तळाला न लावता बोट पाण्यात बुडवायचे. काटा काय दाखवेल?

आम्ही हा प्रश्न जेथे जेथे विचारला तेथे वर्गाचे तीन तट पडले, आणि शिक्षकांच्या शिबिरातही तीनच. काही म्हणतात, काहीच नाही. बोट तर हाताने धरलेले आहे. काही म्हणतात, आकडा कमी होईल, कारण पाणी बोटाला वर ढकलते. प्रत्यक्षात आकडा वाढतो, बोटाने जेवढे पाणी बाजूला सारले तेवढ्या वजनाने. पाण्याने बोटाला वर रेटले की बोटाने पाण्याला तेवढेच खाली रेटलेच. न्यूटनचा तिसरा नियम मुलांना पाठ असतो. तो काट्यावर उमटलेला त्यांनी पाहिलेला नसतो.

हवेतही हेच आहे, फक्त आकडे लहान. एक लिटर हवा सुमारे १.२ ग्रॅमची. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच वर्गातली हवा १७० किलोहून जास्त भरते. ६० किलोच्या माणसाला भोवतालची हवा सुमारे ७० ग्रॅमने उचलून धरते. एवढ्याने कोणी तरंगत नाही. १७८३ मध्ये फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा आणि शार्ल यांनी हायड्रोजनचा फुगा उडवला, तो याच तत्त्वावर. फुगा हवेत तरंगतो. चिमणी, घार आणि विमान मात्र हवेपेक्षा कितीतरी जड असतात. मग त्यांना वर कोण धरते? त्यांनी हवेला सतत खाली ढकलत राहायला हवे. थांबले की पडले. बोटाचा प्रयोग केलेल्या मुलाला हे उत्तर अर्धे आधीच सापडलेले असते.

गोल फिरणारा हात

उडण्याचा इतिहास आपण राइट बंधूंपासून सुरू करतो. त्याच्या शंभरएक वर्षे आधी इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात जॉर्ज केली नावाचा जमीनदार होता. पक्षी पंख हलवतो आणि त्याच हालचालीने वरही राहतो, पुढेही जातो. ही दोन कामे वेगळी आहेत, हे केलीने ओळखले. १७९९ मध्ये त्याने एका चांदीच्या चकतीवर ते कोरून ठेवले. चकतीच्या एका बाजूला पंखावर येणारी बळे, उचल आणि अवरोध, रेषांनी वेगळी दाखवली आहेत, आणि दुसऱ्या बाजूला स्थिर पंखाच्या यंत्राचे चित्र आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या वजन, उचल, रेटा आणि अवरोध या चार बाणांच्या आकृतीचे मूळ येथे आहे.

पण केली चित्रावर थांबला नाही. १८०४ मध्ये त्याने एक लांब आडवा दांडा खुंटीभोवती गोल फिरवला, टोकाला सपाट फळी थोडी तिरपी बसवली आणि ती किती वजन उचलते ते तोलले. हा हवेतला तराजूच होय.

ऑटो लिलिएन्थाल या जर्मन अभियंत्याने अशाच फिरत्या दांड्यावर वाकड्या पंखांची मोजमापे घेऊन १८८९ मध्ये ती छापली आणि मग स्वतः पंख बांधून टेकडीवरून उड्या घेतल्या. १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात तो पडून मेला. त्याची कोष्टके अमेरिकेत सायकलचे दुकान चालवणाऱ्या विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांच्या हाती आली. त्यांनी त्यांवरून १९०१ चा ग्लायडर बांधला. तो उडाला, पण अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश उचल देऊन.

हा प्रसंग शिक्षकांनी जरा थांबून सांगावा. पुस्तकातले आकडे वापरून केलेली वस्तू चालत नाही. मग चूक कोणाची, पुस्तकाची की आपली? राइट बंधूंनी १९०१ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी दुकानात सुमारे ६ फूट लांबीची लाकडी पेटी केली आणि एका टोकाला पंखा बसवला. करवतीच्या जुन्या पात्यांचा आणि सायकलच्या आऱ्यांच्या तारेचा नाजूक काटा करून तो आत ठेवला. पत्र्याचे दोनशेच्या आसपास छोटे पंख त्यांनी त्यावर तोलले. लिलिएन्थालची कोष्टके बहुतांशी ठीक निघाली. चूक होती ती वाऱ्याचा दाब काढण्याच्या एका गुणांकात. तो १७५९ पासून स्मीटन या नामांकित अभियंत्याच्या नावाने चालत आलेला, ०.००५. राइटांना तो ०.००३३ च्या जवळ मिळाला. सुमारे दीडशे वर्षे पुस्तकांतून उतरत आलेला आकडा दीडपट मोठा होता. नव्या आकड्यांवरून केलेले पंख घेऊन १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र १२ सेकंदांत १२० फूट गेले.

लांब वाटेची गोष्ट

आता आपल्या वर्गाकडे. पंख का उचलतो याचे जे उत्तर आपण फळ्यावर लिहितो ते बहुधा असे असते: पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांब वाट, खालच्या हवेबरोबर मागच्या कडेला एकाच वेळी पोचायचे, म्हणून ती वेगाने धावते, वेग जास्त तेथे दाब कमी, असे बर्नुली सांगतो, म्हणून उचल. आम्हीही वर्षानुवर्षे हेच लिहिले आहे.

यातला बर्नुली चुकत नाही. डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्ये मांडलेला वेग आणि दाब यांचा संबंध खरा आहे, आणि पंखावरची हवा खरोखरच वेगाने जाते. चूक मधल्या वाक्यात आहे. वरच्या आणि खालच्या हवेने मागे एकाच वेळी भेटावे असा कोणताही नियम नाही. वाऱ्याच्या बोगद्यात धूर सोडून पाहिले तर वरची हवा आधीच पुढे निघून गेलेली दिसते; दोघींची पुन्हा गाठ पडतच नाही.

मोठ्या मुलांना हे आकड्यांनी दाखवता येते. सेस्ना १७२ हे चार आसनी छोटे विमान घ्या. भरलेले वजन सुमारे १,११० किलो, पंखांचे क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर. म्हणजे पंखाच्या दर चौरस मीटरला सुमारे ६७० न्यूटन उचल हवी. विमानाचा वेग सेकंदाला ६० मीटर आणि वरची वाट खालच्यापेक्षा दोन टक्क्यांनी लांब धरली, तर 'एकाच वेळी पोचण्या'च्या हिशेबाने वरची हवा ६१.२ मीटर वेगाने जाईल. बर्नुलीच्या सूत्रात घातले की दाबाचा फरक येतो सुमारे ८७ न्यूटन, हव्या त्याच्या सातव्या हिश्शाहूनही थोडा! असे विमान धावपट्टी सोडणार नाही. आणि वहीच्या कागदाचे विमान? त्याचा पंख तर सपाटच असतो. उलटे उडणाऱ्या कसरतीच्या विमानाला हा नियम लावला तर ते जमिनीतच शिरायला हवे.

कागदाच्या पट्टीवर फुंकर मारण्याचा प्रयोगही याच गोष्टीच्या साक्षीला उभा केला जातो. ओठांशी धरलेली पट्टी खाली वाकलेली असते. वरून फुंकले की ती उचलली जाते. आता तीच पट्टी सरळ लोंबती धरा आणि तिच्या एकाच बाजूने, तिला समांतर, वरून खाली फुंका. वेग जास्त तेथे दाब कमी एवढेच खरे असते, तर पट्टी फुंकरीकडे ओढली गेली असती. ती जागची हलत नाही. केंब्रिजचे होल्गर बाबिन्स्की यांनी २००३ मध्ये शिक्षकांसाठी लिहिलेल्या लेखात हाच मुद्दा मांडला आहे. पहिल्या प्रयोगात खरे काम करते ते वळण. हवा वाकलेल्या पृष्ठभागाला धरून वळते, तिला वळवण्यासाठी आतल्या बाजूला दाब कमी असावा लागतो, आणि वळून ती खाली जाते. हवा खाली, पट्टी वर.

तेव्हा वर्गात पंख तोलावा हे बरे. १० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब पुठ्ठा सायकलच्या दोन आऱ्यांवर बसवून त्या लाकडी ठोकळ्यात खोचाव्यात आणि ठोकळा डिजिटल काट्यावर ठेवावा. काट्यावर वारा लागू नये म्हणून त्याभोवती खोक्याचा आडोसा करावा. पंख तेवढा खोक्याच्या वर दिसला पाहिजे. समोर टेबलफॅन. फॅनचा वारा गिरक्या घेत येतो, म्हणून मध्ये कागदी नळ्यांची मोळी बांधून धरावी. वारा सरळ करायची ही खटपट राइट बंधूंनाही करावी लागली होती. पुठ्ठा वाऱ्याला समांतर असताना काटा शून्यावर आणून मग पुढची कड ५, १०, १५ अंशांनी वर करत जावी. काट्यावर उणे आकडे दिसू लागतील. सेकंदाला ४ मीटर वारा असेल तर हिशेबाने १० ते २० ग्रॅमच्या आसपास. तिरपेपणा आणखी वाढवला की वाढ मंदावते आणि अवरोध झपाट्याने वाढतो. ठोकळा मागे सरकू पाहतो. पंखाच्या मागे, खालच्या अंगाला, दोऱ्याचा तुकडा धरला तर तो खाली झुकतो. त्यानंतर पुठ्ठा हाताने किंचित वाकवून तोच तिरपेपणा ठेवावा आणि आकडा पुन्हा पाहावा. लिलिएन्थालने वाकड्या पंखांचा एवढा ध्यास का घेतला ते सांगावे लागत नाही.

चौपाटीचा प्रश्न

मुंबईच्या आसपास हा धडा शिकवताना एक हात हमखास वर होतो: 'सर, पहिले विमान तर आपल्या चौपाटीवर उडाले होते ना?' प्रश्न टाळू नये, आणि विचारणाऱ्याला हसूही नये. शिवकर बापूजी तळपदे या मुंबईकराने १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा अनेक पुस्तकांत, लेखांत आणि अलीकडे चित्रपटातही आली आहे. तळपदे खरेच होते आणि विमानविद्येचा त्यांना ध्यासही होता. परंतु त्या उड्डाणाची, यंत्राच्या वजनाची, पंखांच्या क्षेत्रफळाची किंवा इंजिनाच्या ताकदीची कोणतीही समकालीन नोंद पुढे आलेली नाही.

कथेला जोडला जाणारा 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ मात्र तपासता येतो, आणि तो तपासला गेला आहे. १९७४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच जणांनी तो बारकाईने वाचला. भाषेवरून आणि इतर पुराव्यांवरून तो १९०४ च्या आधीचा नाही असे त्यांनी दाखवले. त्यातल्या शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या विमानांच्या आकृत्या घेऊन वजन आणि बळे यांचा हिशेब केला. त्यांतले एकही उडण्याजोगे नाही, असा निष्कर्ष निघाला. आम्हाला त्यांची रीत आवडते. त्यांनी ग्रंथाची टिंगल केली नाही. त्यातली विमाने तराजूवर ठेवली.

वर्गातही तसेच करता येते. एक माणूस घेऊन उडणाऱ्या यंत्राचे वजन ३०० किलो धरा, वेग ताशी ५० किलोमीटर. आपल्या पुठ्ठ्याने ४ मीटर वाऱ्यात ०.०३ चौरस मीटरला किती ग्रॅम उचलले ते वहीत आहेच. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मग पंख किती चौरस मीटर लागतील? मुले हिशेब मांडतात, क्षेत्रफळ काढतात आणि वर्गाच्या जमिनीवर खडूने तेवढा पंख आखू पाहतात. पुठ्ठ्याने १७ ग्रॅम उचलले असतील तर उत्तर ४४ चौरस मीटरच्या आसपास येते. राइट बंधूंच्या १९०३ च्या यंत्राचे पंख ४७ चौरस मीटरचे होते आणि माणसासकट त्याचे वजन सुमारे ३४० किलो. हा आकडा मात्र मुलांचे उत्तर येईपर्यंत सांगू नये.

तास संपल्यावर उरलेले खारे पाणी ओतून देऊ नका. पसरट ताटलीत घालून खिडकीत उन्हात ठेवा आणि एका मुलाकडे कागदी नळी देऊन रोज नोंद ठेवायला सांगा, ताटलीत नळी उभी राहण्याइतकी खोली नसेल तर पाणी उंच पेल्यात काढून. काही दिवसांनी नळी आणखी वर यायची थांबते. पाणी तर आटतच असते. मग नळी का थांबली, हे त्यांनाच विचारावे. आणि त्याच दिवशी ताटलीच्या कडेला बोट फिरवून पाहायला सांगावे.